प्रॉक्सीच्या भिंतीआडून कंटेनर बांधताना

सॉफ्टवेअरचा कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्राम आणि त्याला चालण्यासाठी लागणारे सगळे सामान, म्हणजे लायब्ररी, भाषेचा रनटाइम, सेटिंगच्या फायली, एकत्र बांधून बाकीच्या संगणकापासून वेगळे चालवण्याची पद्धत. हे सामान ज्या रूपात साठवले जाते त्याला इमेज म्हणतात आणि इमेज तयार करण्याच्या कामाला बिल्ड. घरच्या इंटरनेटवर दोन-तीन मिनिटांत उरकणारे बिल्ड बँकेच्या, विमा कंपनीच्या किंवा मोठ्या कारखान्याच्या ऑफिसात बसून केले, की बहुधा पहिल्याच ओळीला अडते. ऑफिसातला संगणक थेट इंटरनेटशी बोलत नाही. मध्ये प्रॉक्सी सर्व्हर बसलेला असतो, आणि त्याच्याशी कसे बोलायचे हे बिल्डमधल्या प्रत्येकाला वेगवेगळे सांगावे लागते.

कंटेनरची मुळे बरीच जुनी आहेत. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएच-रूट' ही सोय आली. तिच्यामुळे एखाद्या प्रोग्रामला डिस्कचा ठरावीक भागच दिसे. २००२ पासून लिनक्समध्ये 'नेमस्पेस' येऊ लागल्या. त्यांच्यामुळे प्रोग्रामला आपल्या फायली, आपले नेटवर्क, आपल्या प्रोसेस स्वतंत्र असल्याचे भासते. गूगलच्या अभियंत्यांनी सुरू केलेली 'सी-ग्रुप' ही यंत्रणा २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली आणि कोणी किती मेमरी, किती प्रोसेसर वापरावा याला मर्यादा घालता येऊ लागली. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी अमेरिकेत सांता क्लारा इथल्या पायकॉन परिषदेत पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवले, तेव्हा यातले बहुतेक तंत्र आधीच तयार होते. नवी होती ती हाताळणीतली सोय. एका साध्या मजकूर फायलीत कृती लिहायची, एक आदेश द्यायचा, की इमेज तयार.

त्या सोयीचीच किंमत प्रॉक्सीमागे मोजावी लागते. एका आदेशाच्या पोटात किती वेगवेगळे प्रोग्राम आपापले काम करत असतात हे एरवी कोणाला कळत नाही आणि कळण्याची गरजही पडत नाही. नेटवर्क अडले की मात्र नेमके तेच कळावे लागते.

कृती लिहिलेल्या त्या फायलीला डॉकरफाइल म्हणतात. तिची पहिली ओळ 'फ्रॉम' या शब्दाने सुरू होते आणि पाया म्हणून कोणती तयार इमेज घ्यायची ते सांगते. ही इमेज बहुतेक वेळा डॉकर हब या सार्वजनिक भांडारावरून येते. त्यापुढच्या 'रन' ओळी त्या पायावर आज्ञा चालवतात: डेबियन लिनक्सच्या भांडारातून पॅकेजे आण, पायथनच्या लायब्ररी पीवायपीआयवरून घे, जावास्क्रिप्टच्या एनपीएमवरून घे, गिटहबवरून एखादा कोड उचल. साध्या वेब अॅप्लिकेशनचे बिल्डही अशा चार-पाच ठिकाणी हात पसरते. यातले एक दार जरी बंद असले तरी इमेज तयार होत नाही.

प्रॉक्सी ही कल्पना वेबच्या बालपणातली आहे. १९९४ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतले आरी लुओटोनेन आणि इंटेल कंपनीतले केव्हिन अल्टिस यांनी वेब प्रॉक्सींवर एक लेख लिहिला. फायरवॉलच्या आतल्या लोकांना बाहेरचे वेब पाहता यावे आणि तेच पान पुन्हा पुन्हा ओढावे लागू नये, हे दोन हेतू त्यात होते. १९९६ मध्ये आलेला स्क्विड हा प्रॉक्सी आजही अनेक कंपन्यांत चालतो. त्याचा ठरीव पोर्ट ३१२८. पुढे पाने साठवून ठेवण्याचे महत्त्व कमी झाले आणि राखणीचे वाढले. कोणी कुठे गेले, कोणती फाइल बाहेरून आत आली, कोणती माहिती आतून बाहेर गेली, याची नोंद ठेवायला एकच वाट असणे सोयीचे. भारतात रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने संस्थांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक केले. तेव्हा मुंबईतल्या बँकेत किंवा तिच्यासाठी पुण्यात हिंजवडीला बसून काम करणाऱ्या कंपनीत प्रॉक्सी दिसला तर त्यात कोणाचा लहरीपणा नसतो. अभियंत्यांना तो अडसर वाटतो, सुरक्षा विभागाला आधार वाटतो, आणि दोघांचेही खरे असते.

प्रॉक्सीशी बोलण्याच्या दोन रीती आहेत. पत्ता साध्या एचटीटीपीचा असेल तर प्रोग्राम मागणीत पूर्ण पत्ता लिहून ती प्रॉक्सीकडे देतो. प्रॉक्सी ते पान आणतो आणि परत पाठवतो. एचटीटीपीएसमध्ये मजकूर कुलूपबंद असतो, म्हणून प्रोग्राम आधी 'कनेक्ट' अशी विनंती करतो: अमुक सर्व्हरच्या ४४३ पोर्टपर्यंत नळी जोडून दे. नळी जोडली गेली की पुढचे संभाषण थेट त्या सर्व्हरशी, निदान तत्त्वतः तरी. नाव-पासवर्ड न देता आलेल्याला प्रॉक्सी ४०७ हा क्रमांक ऐकवतो. बिल्डच्या लॉगमध्ये ४०७ दिसणे ही खरे तर चांगली बातमी, कारण प्रॉक्सीपर्यंत पोहोचलो एवढे तरी त्यातून नक्की होते. नुसता वेळ संपल्याचा निरोप आला तर बहुधा प्रोग्रामला प्रॉक्सीचा पत्ताच माहीत नाही असे समजावे.

तो पत्ता सांगायची रूढ जागा म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल: एचटीटीपी_प्रॉक्सी, एचटीटीपीएस_प्रॉक्सी, आणि कोणाकडे जाताना प्रॉक्सी टाळायचा त्याची यादी असलेला नो_प्रॉक्सी. ही पद्धत सर्नच्या जुन्या लायब्ररीपासून चालत आली. तिला कोणत्याही प्रमाणसंस्थेचा शिक्का नाही आणि त्याचे परिणाम आजही भोगावे लागतात. काही प्रोग्राम ही नावे लहान लिपीत वाचतात, काही मोठ्या, काही दोन्ही. कर्ल हा सर्वत्र वापरला जाणारा प्रोग्राम एचटीटीपी_प्रॉक्सी फक्त लहान लिपीतले मानतो, आणि त्याला सबळ कारण आहे. जुन्या सीजीआय पद्धतीत बाहेरच्या माणसाने 'प्रॉक्सी' नावाचा हेडर पाठवला, की सर्व्हरवर मोठ्या लिपीतले तेच व्हेरिएबल आपोआप तयार होई आणि सर्व्हरची बाहेर जाणारी वाहतूक परक्याच्या प्रॉक्सीकडे वळवता येई. जुलै २०१६ मध्ये ही खोट 'एचटीटीपॉक्सी' या नावाने गाजली. म्हणून शहाणे लोक दोन्ही लिप्यांत तीच किंमत लिहून मोकळे होतात. जावाला मात्र या व्हेरिएबलांचे काहीच वाटत नाही. तिला प्रॉक्सीचे यजमाननाव आणि पोर्ट स्वतःच्या वेगळ्या सेटिंगमध्ये लागतात, आणि मेव्हन या जावाच्या बिल्ड-साधनाला त्याच्या सेटिंग्ज फायलीत.

आता मुख्य गुंता. 'डॉकर बिल्ड' असा आदेश दिला की निदान तीन जण कामाला लागतात. पहिला क्लायंट, म्हणजे टर्मिनलमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम. तो आदेश वाचतो आणि पुढे पाठवतो. दुसरा डॉकर डीमन, जो पार्श्वभूमीत सहसा रूट वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतो; 'फ्रॉम' ओळीतली इमेज डॉकर हबवरून तो आणतो. तिसरा खुद्द बिल्डमधला तात्पुरता कंटेनर. 'रन' ओळीतल्या आज्ञा त्याच्या आत, त्याच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये चालतात. तिघांचे एन्व्हायर्नमेंट तीन प्रकारचे. अभियंता आपल्या टर्मिनलमध्ये प्रॉक्सीचा पत्ता लिहितो, कर्लने पान येते का ते पाहतो, पान येते, आणि तरीही इमेज पुल होत नाही, म्हणजे बाहेरून आत ओढली जात नाही. मग प्रॉक्सी बिघडला म्हणून नेटवर्क टीमकडे तिकीट टाकले जाते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा हा प्रकार. टर्मिनलमधली सेटिंग क्लायंटला मिळाली, पण पुल करणारा डीमन तर संगणक सुरू झाला तेव्हाच सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाने उठवलेला आहे. त्याला त्या टर्मिनलशी काही देणेघेणे नाही.

डीमनला प्रॉक्सी सांगायचा तर सिस्टमडीच्या सेवेला जोडफाइल द्यावी लागते किंवा, डॉकर इंजिनच्या २३.० या आवृत्तीपासून, डीमनच्या स्वतःच्या जेसन फायलीत 'प्रॉक्सीज' असा भाग लिहिता येतो. सिस्टमडीच्या वाटेने गेल्यास त्याला सेटिंग पुन्हा वाचायला सांगायचे आणि मग डीमन परत सुरू करायचा. ही दुसरी पायरी हमखास विसरली जाते. शिवाय पासवर्डमधली खोच आहे. पासवर्डात अॅटचे चिन्ह असेल तर पत्त्यात ते टक्क्याचे चिन्ह आणि ४० असे लिहावे लागते, नाहीतर पत्ता मध्येच तुटतो. सिस्टमडीच्या फायलीत टक्क्याच्या चिन्हालाच वेगळा अर्थ असल्यामुळे ते दोनदा लिहायचे.

डीमन मार्गी लागला की 'फ्रॉम' पार होते आणि घोडे पुढच्या 'रन' ओळीला अडते, कारण बिल्डमधल्या कंटेनरला अजून कोणी काही सांगितलेले नाही. इथे दोन उपाय आहेत. बिल्डच्या आदेशासोबत प्रॉक्सीची किंमत बिल्ड-आर्ग्युमेंट म्हणून देता येते. किंवा वापरकर्त्याच्या होम फोल्डरातल्या डॉकरच्या कॉन्फिग फायलीत ती एकदा लिहून ठेवली की क्लायंट ती प्रत्येक बिल्डला आणि नव्याने सुरू होणाऱ्या प्रत्येक कंटेनरला आपणहून जोडतो. दुसरा उपाय सोपा आहे, पण त्यात एक मेख आहे: तयार इमेज चालवतानाही प्रॉक्सी जोडला जातो, आणि आतापर्यंत शेजारच्या डेटाबेसशी गुण्यागोविंदाने बोलणारे अॅप्लिकेशन त्याच्याशीही प्रॉक्सीमार्फत बोलायला जाते.

हे सगळे लिनक्सवर. विंडोज किंवा मॅकवर डॉकर डेस्कटॉप असेल तर डीमन एका आभासी मशीनमध्ये असतो आणि त्याचा प्रॉक्सी डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये लिहायचा. बिल्डएक्स हे डॉकरचे जोडसाधन वापरून वेगळा बिल्डर उभा केला, तर तो बिल्डर स्वतःच एक कंटेनर असतो आणि त्यालाही प्रॉक्सी वेगळा द्यावा लागतो. अनेक संगणकांवर कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिसच्या प्रत्येक नोडवर इमेज आणणारा कंटेनरडी हा आणखी एक स्वतंत्र गडी. रेड हॅटकडून आलेल्या पॉडमॅनची रचना मात्र निराळी आहे. त्यात कायम चालणारा डीमन नाही. इमेज वापरकर्त्याच्याच प्रोसेसमधून आणली जाते, त्यामुळे लिनक्सवर टर्मिनलमधला प्रॉक्सी तिला लगेच दिसतो, आणि तो आपोआप कंटेनरच्या आतही पोहोचवला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये डॉकर डेस्कटॉप मोठ्या कंपन्यांसाठी सशुल्क होत असल्याचे जाहीर झाल्यावर काही कंपन्या पॉडमॅनकडे वळल्या. 

स्वतंत्र नेटवर्क असण्याचा आणखी एक चकवा आहे. विंडोजच्या एनटीएलएम पद्धतीने ओळख मागणारे प्रॉक्सी बऱ्याच ऑफिसांत आहेत, आणि लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रामांना ती पद्धत येत नाही. म्हणून सीएनटीएलएम नावाचा छोटा मध्यस्थ आपल्याच संगणकावर चालवतात आणि सगळ्यांना त्याचा पत्ता देतात: १२७.०.०.१, पोर्ट ३१२८. पण हा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. कंटेनरच्या आत तोच पत्ता कंटेनरला स्वतःकडे पाठवतो, आणि तिथे कोणीच ऐकत नसते. मध्यस्थाला डॉकरच्या 'ब्रिज' नेटवर्कच्या पत्त्यावर, जो सहसा १७२.१७.०.१ असतो, ऐकायला लावायचे, किंवा बिल्डला यजमान संगणकाचेच नेटवर्क वापरू द्यायचे, हे त्यावरचे इलाज. त्यात पुन्हा योगायोग असा, की १७२.१७ ने सुरू होणारा पट्टा कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कमध्येही वापरात असू शकतो. तसे असेल तर डॉकर बसवताक्षणी काही अंतर्गत सर्व्हर दिसेनासे होतात आणि दोष भलत्यालाच दिला जातो. डॉकरचा पट्टा बदलणे एवढेच त्यावर औषध.

डीएनएसच्या बाबतीत प्रॉक्सी उलट मदतच करतो, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. प्रोग्राम प्रॉक्सीमार्फत जातो तेव्हा बाहेरच्या सर्व्हरचे नाव तो स्वतः शोधत नाही. नाव जसेच्या तसे प्रॉक्सीला देतो आणि शोधाशोध प्रॉक्सी करतो. त्यामुळे बाहेरची नावे न ओळखणाऱ्या बंदिस्त नेटवर्कमध्येही बिल्ड चालू शकते. अडचण येते ती खुद्द प्रॉक्सीचे नाव शोधताना. यजमान संगणकाच्या यादीत डीएनएसचा पत्ता म्हणून फक्त त्याचा स्वतःचाच अंतर्गत पत्ता असेल, तर कंटेनरला तो निरुपयोगी म्हणून डॉकर तो गाळतो, आणि दुसरे काही न सापडल्यास गूगलचा ८.८.८.८ घेतो. ऑफिसची फायरवॉल त्याला बाहेर पडू देत नाही, आणि गूगलला कंपनीच्या अंतर्गत प्रॉक्सीचे नाव माहीत असण्याचा प्रश्नच नाही. लॉगमध्ये ओळ येते 'यजमान सापडला नाही', आणि शोध भलत्या दिशेला सुरू होतो.

नो_प्रॉक्सी ही यादी दिसायला निरुपद्रवी, पण तिच्यावर प्रोग्रामांचे एकमत नाही. सुरुवातीला टिंब दिले तर फक्त उपडोमेन धरायची की मूळ डोमेनही? तारका चालते का? आयपीचा अख्खा पट्टा लिहिता येतो का? गो भाषेतले प्रोग्राम पट्टा समजतात. कर्लला तो २०२२ मधल्या ७.८६.० या आवृत्तीपासून कळू लागला. जावाला यादी स्वल्पविरामाऐवजी उभ्या रेघेने तोडलेली लागते. यावर व्यवहारी तोडगा असा, की अंतर्गत सर्व्हरांची पूर्ण नावे एकेक करून लिहावीत, पट्ट्यांच्या भरवशावर राहू नये, आणि लोकलहोस्ट व १२७.०.०.१ ही दोन्ही नावे न विसरता घालावीत.

इथवरचा भाग वाटेचा होता. वाट सापडल्यावर जो प्रश्न उभा राहतो तो विश्वासाचा, आणि त्यात माणसे जास्त दिवस अडकतात. एचटीटीपीएसची नळी जोडून दिल्यावर प्रॉक्सीला आतला मजकूर दिसायला नको. पण बऱ्याच कंपन्यांना तो पाहायचा असतो, कारण व्हायरसही कुलूपबंद होऊनच येतो. म्हणून प्रॉक्सी मध्ये थांबतो. तो बाहेरच्या सर्व्हरशी एक कुलूपबंद संभाषण करतो, आतल्या प्रोग्रामशी दुसरे, आणि आतल्याला दाखवण्यासाठी त्या सर्व्हरच्या नावाचे प्रमाणपत्र जागच्या जागी तयार करतो. या प्रमाणपत्रावर सही असते ती कंपनीच्या स्वतःच्या मूळ प्रमाणपत्राची. कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपवर हे मूळ प्रमाणपत्र आयटी विभागाने आधीच बसवलेले असते, त्यामुळे ब्राउझरमध्ये सगळे सुरळीत दिसते. डॉकर हबवरून आलेल्या इमेजला मात्र या कंपनीचे नावही ठाऊक नाही. तिच्याजवळ फार तर मोझिलाने जमवलेली जगभरच्या मान्य संस्थांची यादी असते. तिला प्रॉक्सीची सही तोतयाची वाटते, आणि तिच्या बाजूने पाहिले तर ते बरोबरच आहे. गो भाषेतले प्रोग्राम अशा वेळी 'अननोन ऑथॉरिटी' म्हणतात, पायथन 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड', नोड 'सेल्फ साइन्ड'. शब्द तीन, तक्रार एकच.

एकाच बिल्डमध्ये डेबियनची पॅकेजे बिनतक्रार येतात आणि त्यापुढच्याच ओळीत पायथनच्या लायब्ररी अडतात, याचाही उलगडा इथे होतो. डेबियनची भांडारे साध्या एचटीटीपीवर चालतात. पॅकेज खरे की खोटे हे भांडाराच्या यादीवरच्या जीपीजी सहीवरून ठरते, वाटेवरच्या कुलपावरून नव्हे. पीवायपीआयची वाट एचटीटीपीएसची आहे, म्हणून तिथे प्रमाणपत्र आडवे येते.

उपाय म्हणजे कंपनीचे मूळ प्रमाणपत्र बिल्डच्या कंटेनरमध्ये बसवणे. डेबियन आणि उबुंटूमध्ये ते यूएसआर-लोकल-शेअर खालच्या सीए-सर्टिफिकेट्स फोल्डरात ठेवून यादी ताजी करणारी आज्ञा चालवायची. फायलीच्या नावाचा शेवट सीआरटी असाच हवा, दुसरा असला तर ती फाइल मुकाट्याने वगळली जाते. डेबियनच्या छोट्या इमेजांत ही आज्ञाच नसते, पण ती आणणारे पॅकेज एचटीटीपीवरून येत असल्यामुळे निभावते. अल्पाइन या छोट्या लिनक्समध्ये पेच खरा आहे: तिथे भांडाराचे पत्तेच एचटीटीपीएसचे, म्हणजे प्रमाणपत्र बसवण्याचे साधन आणायला आधी प्रमाणपत्र हवे. तिथे इमेजमध्ये आधीपासून असलेल्या यादीच्या फायलीला कंपनीचे प्रमाणपत्र शेवटी थेट जोडून द्यायचे आणि मग पॅकेज मागवायचे. युक्ती जरा रांगडी आहे, पण चालते.

व्यवस्थेच्या यादीत बसवले म्हणजे झाले असेही नाही, कारण काही भाषा आपला वेगळा संसार मांडून बसलेल्या आहेत. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी स्वतःसोबत आणलेली यादी वाचते. नोडमध्ये यादी प्रोग्रामातच भरलेली असते; तिच्यात भर घालायला एक स्वतंत्र व्हेरिएबल आहे. जावाची तिजोरी 'सीएसर्ट्स' नावाची, तिचा ठरीव पासवर्ड 'चेंजइट', आणि तो बदला असे नावातच सुचवलेले असूनही सहसा कोणी बदलत नाही. डीमन स्वतः यजमान संगणकाची यादी वापरतो, पण ती सुरू होताना वाचतो. म्हणून तिथेही परत सुरू करणे आले.

एवढी यातायात टाळायला तपासणीच बंद करण्याचा आडमार्ग प्रत्येक साधनात असतो. गिटमध्ये एक सेटिंग, कर्लमध्ये एक अक्षर, पायथनच्या पिपमध्ये 'या सर्व्हरवर विश्वास ठेव' अशी सोय. ऑफिसात यापेक्षा मोठा धोका काय, प्रॉक्सी तर आपलाच आहे, असा युक्तिवाद होतो. तो फोल आहे. डॉकरफाइल तिथेच राहत नाही; ती कोडसोबत दुसऱ्या टीमकडे, क्लाउडवर, ग्राहकाकडे जाते, आणि तपासणी बंद केलेली ओळ तिच्यासोबत जाते. प्रॉक्सी नसलेल्या ठिकाणी मग खरोखरच्या तोतयालाही मोकळे रान मिळते.

याच्या उलट टोकाची काळजीही घ्यावी लागते. कंपनीचे मूळ प्रमाणपत्र बिल्डपुरते हवे. ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या अंतिम इमेजमध्ये त्याचे काम नाही. ते तिथे राहिले तर त्या प्रमाणपत्राची खासगी किल्ली ज्याच्याकडे, तो त्या ग्राहकासमोर कोणत्याही सर्व्हरचे सोंग घेऊ शकतो. २०१७ मध्ये डॉकरच्या १७.०५ आवृत्तीत आलेले टप्प्याटप्प्यांचे बिल्ड इथे उपयोगी पडते. पहिल्या टप्प्यात प्रमाणपत्र बसवून सगळे सामान आणायचे, दुसऱ्या कोऱ्या टप्प्यात फक्त तयार माल उचलून न्यायचा.

पासवर्डाचेही तसेच. प्रॉक्सीच्या पत्त्यात नाव आणि पासवर्ड असतो, आणि इमेज थरांची बनलेली असते. डॉकरफाइलमध्ये 'एन्व्ह' ओळीने प्रॉक्सी लिहिला तर तो इमेजमध्ये कायमचा कोरला जातो. पुढच्या ओळीत तो पुसला तरी खालचा थर आणि इतिहास तसाच राहतो, आणि इमेज हाती आलेला कोणीही एका आज्ञेत कर्मचाऱ्याचा पासवर्ड वाचू शकतो. प्रॉक्सीची व्हेरिएबले बिल्ड-आर्ग्युमेंट म्हणून देणे त्यापेक्षा पुष्कळ बरे. डॉकर ही ठरावीक नावे आधीच ओळखतो, ती डॉकरफाइलमध्ये जाहीर करावी लागत नाहीत, इतिहासात उमटत नाहीत आणि ती बदलली म्हणून साठवलेले थर वाया जात नाहीत. गंमत म्हणजे नीटनेटकेपणाच्या हौसेने कोणी ती 'आर्ग' ओळीने जाहीर केली की ही सवलत जाते. याहून गुप्त काही द्यायचे असेल तर डॉकरच्या बिल्डकिट या बिल्ड यंत्रणेत गुपित फाइल एका आज्ञेपुरती जोडण्याची सोय आहे; ती कोणत्याच थरात उतरत नाही.

सगळे जमल्यावरही परवानगीच्या यादीचा प्रश्न राहतो. 'डॉकर हब उघडा' असे तिकीट टाकले तर नेटवर्क टीम एकच नाव उघडते. प्रत्यक्षात ओळख पटवणारा सर्व्हर वेगळा, इमेजांची नोंद ठेवणारी रजिस्ट्री वेगळी, आणि इमेजचे थर तिसऱ्याच, सामग्री वाटणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून येतात. म्हणून लॉगिन होते, इमेजचे वर्णन येते, आणि थर ओढताना काम अडकते. गिटचा एसएसएचचा पोर्ट २२सुद्धा बहुधा बंद असतो. कोड एचटीटीपीएसच्या पत्त्यावरून घ्यावा असे गिटला एकदाच सांगून ठेवता येते.

प्रॉक्सीमागच्या सगळ्यांचा बाहेरचा पत्ता एकच असल्याने आणखी एक अनपेक्षित अडथळा येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये डॉकर हबने मर्यादा लागू केल्या: लॉगिन न केलेल्यांना एका आयपी पत्त्यामागे सहा तासांत १०० पुल, मोफत खातेदारांना २००. घरी ही मर्यादा कोणाला जाणवली नसती. हजार माणसांच्या ऑफिसात मात्र सगळ्यांचे पुल एकाच पत्त्यावर मोजले जातात, आणि ४२९ या क्रमांकाचा 'फार मागण्या' असा निरोप येऊ लागतो.

म्हणून मोठ्या संस्था प्रत्येक संगणकावर प्रॉक्सी भरत बसण्याऐवजी आतच एक भांडार उभारतात. सोनाटाइपचे नेक्सस, जेफ्रॉगचे आर्टिफॅक्टरी आणि मुक्त स्रोत असलेले हार्बर ही त्यातली परिचित नावे. बाहेर जाण्याची परवानगी, प्रॉक्सीचा पासवर्ड आणि प्रमाणपत्र या एकाच सर्व्हरला द्यायचे. त्याने इमेज आणि लायब्ररी एकदा आणून साठवायच्या, हवे तर तपासायच्या, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यायच्या. अभियंत्याच्या बाजूने पाहता मग प्रॉक्सी उरतच नाही. भांडाराचे नाव नो_प्रॉक्सीत घातले की झाले. डीमनच्या सेटिंगमध्ये 'मिरर' म्हणून भांडाराचा पत्ता देता येतो, पण ही सोय फक्त डॉकर हबच्या इमेजांना लागू आहे. गूगलच्या, रेड हॅटच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या रजिस्ट्रीतल्या इमेजांसाठी डॉकरफाइलच्या 'फ्रॉम' ओळीतच भांडाराचे नाव लिहावे लागते. पिप, एनपीएम आणि मेव्हन यांनाही आपापले पत्ते बदलून द्यायचे. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करायचे आहे, आणि वरच्या बहुतेक गाठी त्याने मुळातच सुटतात.

काही ठिकाणी प्रॉक्सीसुद्धा नसतो; संरक्षण किंवा वीज यंत्रणांसारख्या जागी आतले नेटवर्क बाहेरच्याशी जोडलेलेच नसते. तिथे बिल्ड बाहेर करायचे, 'डॉकर सेव्ह'ने इमेज एका टार फायलीत उतरवायची, तिची तपासणी करून मान्य माध्यमावरून आत न्यायची आणि 'डॉकर लोड'ने उघडायची. फाइल वाटेत बदलली नाही हे पडताळायला तिच्या शा-२५६ बेरजेची दोन्हीकडे तुलना करतात.